जुन्या गाडीच्या पॉवर स्टीअरिंगची गळती घरीच कशी थांबवावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरासमोर वडिलांनी घेतलेली २००३ सालची ह्युंदाई ॲक्सेंट अजून चालती आहे. आतापर्यंत तिच्या पॉवर स्टीअरिंगचं तेल चार वेळा गळलं. तीन वेळा मी ते अंगणातच थांबवलं, चौथ्या वेळी गाडी गॅरेजला दिली. जुनी गाडी सांभाळणारे शेजारी आणि नातेवाईक मला जे प्रश्न विचारतात, ते त्यांच्या उत्तरांसह इथे मांडले आहेत.

माझ्या गाडीला हे सगळं लागू आहे का?

बॉनेट उघडा. स्टीअरिंग चाकाचं चित्र असलेलं झाकण आणि त्याखाली तेलाचा छोटा डबा दिसला, तर तुमचं स्टीअरिंग तेलाच्या दाबावर चालतं आणि हे तुमच्यासाठी आहे. एस्टीम, आयकॉन, ॲक्सेंट, क्वालिस, जुनी स्कॉर्पिओ या गाड्या याच जातीच्या. असा डबाच नसेल तर बहुधा तुमचं स्टीअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. त्यात तेल नसतं, त्यामुळे खाली दिसणारा डाग दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

अंगणातला डाग स्टीअरिंगच्या तेलाचाच आहे हे कसं ओळखू?

आपल्याकडे जमीनच तांबडी. त्या मातीवर लालसर तेल पडलं तरी कळत नाही, म्हणून रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा किंवा जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजू अंथरा. कडांना दगड ठेवा आणि पुढच्या चाकांची जागा पेनाने आखून घ्या. सकाळी डाग कुठे पडला ते चाकांच्या हिशेबाने समजतं.

मग डागाला बोट लावून पाहा. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं आहे. आपल्या दमट हवेत एसीमधून लोटाभर पाणी सहज पडतं, आणि त्याला घाबरून गॅरेज गाठणारे मी पाहिले आहेत. काळपट आणि जळकट वासाचं असेल तर इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागणारं आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळं दिसलं तर ब्रेक ऑइलचा संशय घ्या आणि गाडी तिथेच उभी ठेवा. स्टीअरिंगचं तेल पातळ असतं. नवं असताना ते बहुतेक गाड्यांत लाल, काही युरोपीय गाड्यांत हिरवं आणि काहींत फिकट पिवळं दिसतं. जुनं झालं की तपकिरी होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलही लालच असतं, म्हणून अशा गाडीत रंगावर विसंबू नका. डब्यातली पातळी उतरते आहे का ते पाहा.

गळती नेमकी कुठून होते हे कसं शोधायचं?

सगळ्यात जास्त वेळ याच कामाला द्या. सुटा भाग विकत घेण्याची घाई नको.

माझ्याच गाडीचं सांगतो. पहिल्यांदा गळती झाली ती भर पावसाळ्यात. एका गॅरेजमध्ये दाखवली, तर खाली वाकून बघितल्याबरोबर सांगण्यात आलं, "रॅक गेला, नवीन टाकावा लागेल." रॅकवर, म्हणजे पुढची चाकं वळवणारा दांडा ज्या आडव्या नळीत सरकतो तिच्यावर, तेल होतं हे खरंच होतं. आकडा ऐकून मी गाडी परत आणली आणि ऊन पडलेला एक रविवार त्या कामासाठी ठेवला. सगळा भाग धुऊन, पुसून कोरडा केला. इंजिन सुरू करून भावाला स्टीअरिंग फिरवायला सांगितलं आणि मी टॉर्च घेऊन बघत राहिलो. दहाएक मिनिटांनी डब्याखालच्या परतीच्या (रॅककडून तेल डब्यात परत आणणाऱ्या) पाइपच्या टोकाला एक थेंब जमला. तो लोखंडी नळीवरून घरंगळत रॅकच्या रबरापर्यंत गेला आणि तिथून खाली टपकला. त्या पाइपची स्प्रिंगची क्लिप गंजून सैल झाली होती. अर्धा मीटर पाइप आणि दोन क्लिपा, एवढ्यावर काम झालं. रॅक त्यानंतरही कित्येक वर्षं टिकला.

तेव्हा पहिला नियम: सगळ्यात खाली कुठे ओलं आहे हे पाहू नका, सगळ्यात वर कुठे ओलं आहे ते शोधा. तेल खाली उतरतं, आणि गाडी चालू असताना वाऱ्याने मागेही फेकलं जातं.

क्रम असा ठेवा. इंजिन थंड असताना डिग्रीझर (तेलकट मळ काढणारं द्रावण) मारून ब्रश करा. अल्टरनेटरवर आणि वायरींच्या जोडण्यांवर प्लास्टिकची पिशवी बांधून साध्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर नको. पूर्ण वाळू द्या. मग डबा, त्याला लागलेले दोन पाइप, पंप, पंपातून निघणारा जाड दाबाचा पाइप, रॅकवरच्या जोडण्या आणि रॅकच्या दोन्ही टोकांची पंख्यासारख्या घड्यांची रबरं, हे सगळं याच ओळीने पाहा. प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला तर पाझर लगेच दिसतो.

गाडी उभी असताना गळते, चालवताना नाही. किंवा याच्या उलट. यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. रात्रभर उभ्या गाडीखाली डाग पडत असेल तर डबा, त्याचे पाइप किंवा पंपाच्या तोंडाकडची ओ-रिंग (रबराची गोल कडी) यांवर आधी संशय घ्या. इंजिन चालू असताना, स्टीअरिंग वळवल्यावरच तेल दिसत असेल तर गळती दाबाच्या बाजूला आहे: पंपाच्या मागचा जाड पाइप, त्याचे जोड किंवा रॅकची आतली सीलं (तेल अडवणारी रबरं).

एक प्रकार मात्र चकवतो. डब्यातून पंपाकडे जाणाऱ्या पाइपमध्ये इंजिन चालू असताना दाब नसतो, पंप त्यातून तेल ओढून घेत असतो. तिथे बारीक चीर पडली तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. बाहेर एक थेंब दिसत नाही, पण डब्यात फेस येतो आणि स्टीअरिंग वळवताना घूंऽऽ असा आवाज होतो. असा फेस दिसला तर पंप बदलण्याआधी तो पाइप आणि त्याच्या क्लिपा बदला. माझ्या गाडीच्या दुसऱ्या गळतीचं मूळ तिथेच होतं. पंपाच्या तोंडाशी बसणारी ओ-रिंग कडक होऊन चपटी झाली होती.

चालू इंजिनमध्ये हात घालून चाचपून बघितलं तर चालेल का?

नाही. दाबाच्या पाइपमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर ७० ते १०० बार, काही गाड्यांत त्याहूनही जास्त दाब असतो. टायरमध्ये आपण सुमारे २ बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडी फोडून आत जाऊ शकते. बाहेर नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, पण आत तेल पसरलेलं असतं आणि त्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. असं कधी झालं तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका. थेट गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेजसारख्या) मोठ्या इस्पितळात जा आणि दाबाचं तेल आत शिरलंय असं स्पष्ट सांगा.

धार शोधायची असेल तर लांब काठीला पुठ्ठा बांधून फिरवा. बेल्ट आणि रेडिएटरच्या पंख्यापासून बाही, दुपट्टा, साखळी दूर ठेवा. आणि गळणारं तेल सायलेन्सरच्या तापलेल्या मुळाशी पडत असेल, धूर किंवा जळका वास येत असेल, तर गाडी चालवू नका. त्यातून आग लागू शकते.

गाडीखाली शिरायला चिरे लावले तर?

हे कृपा करून करू नका. आपल्या अंगणात चिऱ्याची रास असतेच, म्हणून हात आधी तिकडेच जातो. चिरा भिंतीत पसरून वजन घेतो. एका टोकावर गाडीचा भार आला की तो तडकतो, आणि आधी सूचना देत नाही. पावसात भिजलेला चिरा तर आणखी कच्चा. नुसत्या जॅकवरही कधी शिरू नका. लोखंडी घोड्यांची (जॅक स्टँडची) जोडी घ्या, खाली जाड फळी ठेवा, कारण पावसाळ्यात मऊ झालेल्या मातीत घोडीचे पाय रुततात. मागच्या चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा आणि शिरण्यापूर्वी गाडी हलवून बघा.

परतीचा पाइप घरी बदलता येतो का?

येतो, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने याच कामापासून सुरुवात करावी. यात दाब कमी असतो. डब्यातलं तेल मोठ्या सिरिंजने काढून घ्या, खाली पसरट भांडं ठेवा, क्लिपा सोडवा. पाइप नळीला चिकटला असेल तर ओढाताण करू नका, ब्लेडने उभा चिरून काढा. प्लास्टिकच्या डब्याचं तोंड जुनं झालेलं असतं आणि पिळलं की मोडतं.

नवा पाइप मात्र तेलासाठीचाच हवा. रेडिएटरचा पाइप दिसायला तसाच, पण त्याचं रबर पाण्यासाठी असतं. स्टीअरिंगच्या तेलात ते फुगतं आणि मऊ पडतं. जुन्या पाइपचा तुकडा दुकानात घेऊन जा आणि आतला व्यास मोजून घ्या, अंदाजाने आणू नका. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या पलीकडे बसली पाहिजे, टोकावर नाही. पेचाची क्लिप रबर कापेल इतकी आवळू नका. इंजिन गरम होऊन थंड झालं की एकदा पुन्हा तपासा.

ओ-रिंग बदलताना तेल सोसणारी, मोजून तेवढीच घ्या आणि बसवण्याआधी त्याच तेलाचं बोट फिरवा. कोरडी बसवली की पिळवटते.

दाबाचा पाइप गळतोय. त्यावर क्लिप आवळली किंवा एम-सील लावलं तर?

टिकणार नाही, आणि फुटेल तो वळणावरच, कारण दाब तेव्हाच वाढतो. हा पाइप बदलायचाच. नवा मिळत नसेल तर मूळ पाइपची लोखंडी टोकं ठेवून मधलं रबर नव्याने क्रिंप करून (यंत्राने टोकांवर दाबून बसवून) घेता येतं. गोव्यात खाणीची यंत्रं आणि मच्छीमारी ट्रॉलर यांच्यामुळे हायड्रॉलिक पाइप बनवणारी दुकानं औद्योगिक भागांत सापडतात. जुना पाइप सोबत न्या, लांबी आणि दोन टोकांचा एकमेकांशी असलेला पीळ तोच ठेवायला सांगा, आणि तो कार स्टीअरिंगच्या गरम तेलासाठी आहे हेही सांगा.

पाइप जिथे पोकळ बोल्टने बसतो तिथे बोल्टच्या डोक्याखाली एक आणि जोडाखाली एक असे दोन तांब्याचे वॉशर असतात. ते दर वेळी नवे. माझी तिसरी गळती एवढ्याचीच होती: आधी कुणीतरी जुनेच वॉशर परत लावले होते. रॅकवरचे नट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि फ्लेअर नटचा (नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा) पाना वापरा. साध्या पान्याने त्यांचे कोपरे झिजतात, आणि जोर केला तर नळीच पिळून तुटते.

पंपाच्या पुलीमागून तेल येतंय.

शाफ्टचं (पंपाच्या फिरत्या दांड्याचं) सील गेलं. पुली काढायला पुलर लागतो, सील तिरकं न होता सरळ बसवावं लागतं. हात बसलेला असेल तर करा. आधी बेल्ट काढून पुली वरखाली हलवून पाहा. हलली तर बेअरिंग झिजलंय आणि नवं सील काही महिन्यांत पुन्हा गळेल. त्यापेक्षा पंपच दुरुस्त करून घ्या. तेलात भिजलेला बेल्टही बदला, तो पुसून भागत नाही.

आणि रॅक खरंच गेला असेल तर?

टोकाच्या रबराची बारीक क्लिप सोडून रबर मागे सारा. आतून तेल ओघळलं तर शेवटचं सील गेलं आहे, यात शंका नाही. हे काम मी घरी करत नाही आणि तुम्हालाही करू नका असंच सांगेन. सील बसवायला खास हत्यारं लागतात, आणि आतल्या चकचकीत दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही त्यावर घासून फाटतं.

तो गंज येतो कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. घड्यांचं रबर फाटतं, पावसाचं पाणी, चिखल आणि किनाऱ्याकडची खारी हवा आत जाते, दांड्याला गंज चढतो आणि मग सील कापलं जातं. माझ्या गाडीचं चौथ्या वेळी नेमकं हेच झालं. फाटलेलं रबर मला चतुर्थीच्या सुमारास दिसलं होतं, पण पाऊस संपल्यावर बघू म्हणून मी ते ठेवून दिलं. काही शे रुपयांचं ते रबर तेव्हाच बदललं असतं तर रॅक वाचला असता, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्याकडे तसं फाटलेलं दिसलं तर याच आठवड्यात बदला. ते काढण्यासाठी टाय-रॉडचं (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं) टोक सोडवावं लागतं. किती आटे फिरवून काढलं ते मोजून लिहून ठेवा, तेवढेच परत भरा आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

कोणतं तेल घालू? घरात ब्रेक ऑइल आहे.

ब्रेक ऑइल मुळीच नको. थोडंसं घातलं तरी स्टीअरिंगची रबरी सीलं फुगतात आणि आज एका ठिकाणी असलेली गळती उद्या चार ठिकाणी होते. चुकून घातलं असेल तर इंजिन सुरू न करता सगळं तेल काढा.

झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घ्या. क्वालिससारख्या टोयोटांना डेक्सरॉन जातीचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालतं, होंडाला तिचं स्वतःचं पीएसएफ (पॉवर स्टीअरिंग फ्लुइड), त्या काळच्या ह्युंदाईला पीएसएफ-३, बऱ्याच युरोपीय गाड्यांना हिरवं हायड्रॉलिक तेल. लाल आणि हिरवं एकत्र करू नका. पूर्ण यंत्रणेत साधारण एक लिटर मावतं.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात, त्या घालाव्यात का?

त्या वाळलेलं रबर थोडं फुगवतात. शाफ्टच्या किंवा रॅकच्या सीलमधून नुसता पाझर असेल आणि दुरुस्तीला दोन-तीन महिने वेळ हवा असेल तर एकदा घालून बघायला हरकत नाही. फुटलेला पाइप, सैल क्लिप, गंजलेली नळी यांवर उपयोग शून्य. मी स्वतः घालत नाही, कारण चांगली असलेली सीलंही त्यात भिजतात.

दुरुस्तीनंतर हवा कशी काढायची?

पुढची दोन्ही चाकं घोड्यांवर अधांतरी ठेवा. डबा भरा. इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, पंधरा-वीस वेळा. दुसऱ्या माणसाने डब्यावर लक्ष ठेवावं आणि पातळी उतरली की तेल घालावं. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करा आणि पुन्हा सावकाश फिरवा. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो. फेस दिसला तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबा. घाईत जोरजोरात फिरवलं तर हवा तेलात घुसळली जाते आणि काम लांबतं.

गळत असताना गाडी चालवली तर?

तेल संपलं तरी चाकं वळतात, कारण स्टीअरिंग आणि चाकं लोखंडी दांड्यांनी जोडलेली असतात. पण वळवायला भलताच जोर लागतो. चोर्ला घाटातल्या वळणावर किंवा फेरीच्या धक्क्यावर गाडी लावताना तो अचानक लागला तर अपघात होतो. कोरडा पंप आतून झिजून जाम होतो ते वेगळंच. डब्यात तेल राहात असेल तर रोज पातळी बघून, सोबत बाटली ठेवून गावातल्या गावात चालवा. काही गाड्यांत पंपाचा बेल्ट वेगळा असतो. तो काढून घरापर्यंत येता येतं. एकच बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवत असेल तर तो काढायचा नाही.

तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) भावाची गाडी सहा-आठ महिने बंद असते. तरी गळते, असं का?

बंद असते म्हणूनच. सीलं तेलाने ओली राहिली की मऊ राहतात, उभ्या गाडीत ती वाळतात आणि आकसतात. घरच्या कुणालातरी पंधरा दिवसांतून एकदा गाडी काढून अर्धा तास फिरवून आणायला सांगा, नुसतं जागेवर इंजिन चालवून ठेवणं पुरेसं नाही. समुद्राजवळ राहात असाल तर पावसाळा संपल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा आणि लोखंडी नळ्यांच्या कंसांशी गंज धरलाय का ते पाहा. नळी सहसा कंसाखालीच कुजते, कारण तिथे माती आणि ओल अडकून राहते.

काढलेलं जुनं तेल कुठे टाकू?

झाकणाच्या डब्यात भरा, वर नाव लिहा आणि वापरलेलं इंजिन ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. परसात ओतू नका, वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना फासू नका. आपली जमीन सच्छिद्र आहे, पाऊस धो धो पडतो आणि विहीर चार पावलांवर असते. अंगणात सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाका, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी तो झाडून, पिशवीत भरून त्या डब्याबरोबरच गॅरेजला पाठवा.